पोच आली नाही तर? जोडीच्या उपकरणांतल्या दुतर्फा बिनतारी संवादाचा आढावा

विहीर शेताच्या एका टोकाला, टाकी वस्तीजवळ आणि मध्ये अर्धा-पाऊण किलोमीटर ऊस. टाकीवरच्या छोट्या पेटीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि रेडिओ मॉड्यूल आहे. विहिरीवर स्टार्टरच्या शेजारी तशीच दुसरी पेटी आहे आणि तिच्यात रिले बसवलेला आहे. टाकी रिकामी झाली की पहिली पेटी ‘मोटर चालू कर’ म्हणणार, दुसरी मोटर चालू करून ‘केली’ असे कळवणार. अशी जोडी आज डिप्लोमाचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून करतात. सुटे भाग काही शे रुपयांत मिळतात आणि दोन्ही पेट्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या तर लगेच बोलू लागतात. अडचण शेतात गेल्यावर येते. ‘चालू कर’ असे सांगितले आणि उत्तर आलेच नाही, तर मोटर चालू आहे की बंद?

गाडीची किल्ली, पेसमेकर, इन्सुलिनचा पंप, ड्रोन, घरातला बिनतारी दिवा या सगळ्यांच्या रचनाकारांपुढे हाच प्रश्न आहे. त्याभोवती गेल्या पन्नास वर्षांत अनेक वाद उभे राहिले आहेत. पोच मागावी की नाही, ऐकण्याचा खर्च कोणी सोसावा, कोणत्या पट्ट्यात बोलावे, आपला जोडीदार तोच आहे हे कसे ओळखावे आणि दोघांची भाषा कोणी ठरवावी, हे त्यातले मुख्य. ते क्रमाने पाहू.

एकतर्फी आज्ञेपासून संवादापर्यंत

लहरींनी दूरची वस्तू हलवण्याचा इतिहास एकतर्फी आज्ञेपासून सुरू होतो. जगदीशचंद्र बसूंनी १८९५च्या सुमारास कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदातली बोट तारेविना वळवली. दोन्ही प्रयोगांत परिणाम समोर दिसत होता, त्यामुळे घंटेने किंवा बोटीने उलट काही कळवण्याची गरज नव्हती. टीव्हीचा रिमोट आजही याच भरवशावर चालतो. आवाज वाढला नाही तर माणूस पुन्हा बटण दाबतो, म्हणजे पोच देण्याचे काम माणसाचे डोळे आणि कान करतात. हा माणूस मधून काढला की ते काम यंत्राला करावे लागते. दुतर्फा संवादाची गरज तिथून सुरू होते.

त्याचे पहिले मोठे उदाहरण हवाई बेटांवरचे. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या चमूने विद्यापीठाची दूरदूरची टर्मिनल्स मुख्य संगणकाला रेडिओने जोडली. प्रत्येक टर्मिनल वाटेल तेव्हा बोलायचे. दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचाही संदेश वाया जायचा. संगणकाकडून पोच आली नाही की टर्मिनल थोडा वेळ थांबायचे (तो वेळ दर खेपेला मुद्दाम वेगळा) आणि पुन्हा बोलायचे. या पद्धतीला ‘अलोहा’ म्हणतात. तिचे गणित सांगते की वाटेल तेव्हा बोलण्याने चॅनेलची जास्तीत जास्त १८ टक्के क्षमता वापरात येते. ठरावीक वेळांच्या खाचा पाडून त्यांतच बोलायचे ठरवले तर ती ३७ टक्क्यांवर जाते. आज बाजारात मिळणारी बरीच स्वस्त मॉड्यूल्स याच घराण्यातली आहेत.

पुढची वाट भराभर सांगता येईल. १९९४ साली स्वीडनमध्ये लुंड येथे एरिक्सन कंपनीत ब्लूटूथचे काम सुरू झाले, १९९८ साली त्यासाठी कंपन्यांचा गट स्थापन झाला. नॉर्वेच्या नॉर्डिक सेमीकंडक्टरची एनआरएफ२४ ही चिप-मालिका माऊस, कीबोर्ड आणि पुढे छंदी मंडळींच्या टेबलावर पोहोचली. २०१० साली ब्लूटूथची कमी ऊर्जेची आवृत्ती आली. फ्रान्समधली सायक्लिओ ही छोटी कंपनी २०१२ साली सेमटेकने विकत घेतली आणि तिचे ‘लोरा’ तंत्र लांब पल्ल्यासाठी रुळले. शांघायच्या एस्प्रेसिफने २०१४ साली ईएसपी८२६६ ही स्वस्त वायफाय चिप आणली, नंतर ‘ईएसपी-नाऊ’ ही राउटरशिवाय दोन बोर्डांनी थेट बोलण्याची पद्धतही दिली.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ‘दुतर्फा’ म्हणजे दोघे एकाच क्षणी बोलतात असे नव्हे. ही जवळपास सगळी मॉड्यूल्स पाळीपाळीने बोलतात, कारण दुरून येणारा संदेश स्वतःच्या अँटेनातून बाहेर पडणाऱ्या लहरीपेक्षा शंभर डेसिबलनेही क्षीण असू शकतो, म्हणजे हजार कोटी पटींनी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१० साली एकाच चॅनेलवर एकाच वेळी बोलणे आणि ऐकणे करून दाखवले. पण त्यासाठी स्वतःचाच आवाज वजा करणारी सामग्री लागते आणि लहानशा सेलवर चालणाऱ्या पेटीला ती परवडत नाही. तेव्हा जो बोलतो तो त्या वेळी बहिरा असतो हे गृहीत धरूनच पुढचा सगळा विचार करायचा.

पोच कोणाची, कशाची

एनआरएफ२४एल०१ या चिपचे उदाहरण घेतले तर पोचेचा वाद नेमका कळतो. ही चिप एका वेळी ३२ बाइटपर्यंत मजकूर पाठवते, लगेच ऐकायला लागते आणि पोच आली नाही तर स्वतःच तो पुन्हा पाठवते. किती वेळ थांबायचे ते २५० मायक्रोसेकंदांपासून ४ मिलिसेकंदांपर्यंत ठरवता येते, तर पुन्हा पाठवण्याच्या खेपा १५ पर्यंत. प्रत्येक पॅकेटला दोन बिटांचा क्रमांक असतो. समजा, संदेश पोहोचला पण पोच वाटेत हरवली. मग पाठवणारी चिप तेच पॅकेट त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवते, ऐकणारी चिप क्रमांक पाहून ‘हे आलेले आहे’ असे ओळखते, मजकूर टाकून देते आणि पोच मात्र परत देते. हे सगळे मायक्रोकंट्रोलरला न विचारता होते. म्हणूनच पुष्कळांचे मत आहे की चिपची पोच पुरेशी आहे, आपल्या प्रोग्रॅममध्ये वेगळे काही लिहू नये.

दुसरा पक्ष म्हणतो की ही पोच रेडिओची आहे, कामाची नाही. संदेश समोरच्या चिपपर्यंत गेला एवढेच ती सांगते. मायक्रोकंट्रोलर अडकून पडला असेल, रिलेचा संपर्क जळाला असेल, थ्री-फेजमधला एक फेज गेला असेल, तरी पोच येऊ शकते. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच युक्तिवाद जाळ्यांसंबंधी मांडला: काम पूर्ण झाले की नाही हे फक्त दोन टोकांनाच कळू शकते, मधल्या पायरीची खात्री त्याची जागा घेऊ शकत नाही. मोटरच्या बाबतीत याचा अर्थ असा की विहिरीवरच्या पेटीने ‘संदेश मिळाला’ म्हणून थांबू नये. मोटर किती विद्युतप्रवाह ओढते आहे तो मोजून कळवावा.

तिसरा पक्ष पोचेची गरजच नाकारतो. टाकीने आज्ञा देऊ नये, दर मिनिटाला फक्त आपली स्थिती सांगत राहावी: ‘पातळी ६० टक्के’. एक संदेश हरवला तर बिघडत नाही, पुढच्या मिनिटाला दुसरा येतोच. निर्णय विहिरीवरची पेटी घेते. तापमान, ओलावा, पाणी असे काही सतत मोजणाऱ्या यंत्रांच्या जगात या मताला मोठा पाठिंबा आहे. हवाही कमी अडते.

या वादाच्या तळाशी एक सिद्ध झालेली मर्यादा आहे आणि ती कोणत्याही चिपने ओलांडता येणार नाही. १९७५ साली अक्कोयुनलू, एकनाधम आणि हुबर यांनी ती मांडली, १९७८ साली जिम ग्रे यांनी तिला ‘दोन सेनापतींचा पेच’ असे नाव दिले. दोन टेकड्यांवरच्या दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करायचा आहे, पण दूत वाटेत पकडला जाऊ शकतो. पहिल्याने वेळ कळवली, दुसऱ्याने पोच दिली. पण ती पोच पोहोचली हे दुसऱ्याला कसे कळावे? पोचेची पोच, तिची पुन्हा पोच, असे कितीही वाढवले तरी शेवटचा संदेश पाठवणारा अंधारातच राहतो. संदेश हरवू शकतो अशा वाटेवर दोघांनाही एकाच वेळी पूर्ण खात्री होणे शक्य नाही. संशयाची शक्यता कमी करता येते, शून्य करता येत नाही.

मग व्यवहारात काय करायचे? संशय राहिला तरी नुकसान होणार नाही अशी आज्ञा लिहायची. ‘आहे त्याच्या उलट कर’ ही आज्ञा धोक्याची आहे. पंधरा खेपा संपून चिपने ‘पोच आली नाही’ असे सांगितले आणि प्रोग्रॅमने तोच मजकूर नव्याने भरून पाठवला, तर चिप त्याला नवा क्रमांक देते. पहिला संदेश खरे तर पोहोचलेला असेल तर समोरची पेटी दुसऱ्याला वेगळी आज्ञा समजते आणि नुकतीच चालू झालेली मोटर बंद करते. ‘चालू स्थितीत जा’ ही आज्ञा कितीही वेळा पोहोचली तरी परिणाम एकच. इथे मला दोन बाजू दिसत नाहीत: जोडीच्या उपकरणांत स्थिती सांगणारी आज्ञाच वापरावी. बिनतारी स्विच उलटेच वागतो अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. तिचा तपास करताना आधी आज्ञेचा हा प्रकार पाहावा.

ऐकण्याचा खर्च

बोलणे महाग आणि ऐकणे फुकट, ही समजूत रेडिओला लागू होत नाही. त्याच चिपची सुधारित आवृत्ती एनआरएफ२४एल०१+ पूर्ण ताकदीने बोलताना सुमारे ११.३ मिलिअँपिअर घेते, तर सर्वात वेगवान दराने ऐकताना सुमारे १३.५. घड्याळात असतो तसला सीआर२०३२ सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा. केवळ ऐकत बसले तर हिशेबाने तो सोळा-सतरा तासांत संपतो (प्रत्यक्षात एवढा प्रवाह सलग देण्यासाठी तो बनवलेलाच नाही, म्हणून आणखी लवकर). पण हजारात एक भाग वेळच ऐकले आणि बाकी वेळ चिप झोपवली तर तोच सेल कागदावर दीड वर्षापेक्षा जास्त पुरतो.

म्हणून झोपलेल्या जोडीदाराशी बोलायचे कसे, हा या क्षेत्रातला फार मोठा वाद झाला आहे. त्यात तीन धोरणे ठळक आहेत. पहिले धोरण वेळ ठरवून भेटण्याचे. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये दोन्ही उपकरणे ७.५ मिलिसेकंद ते ४ सेकंद यांमधला एक कालावधी ठरवतात आणि नेमक्या त्या क्षणी जागी होतात. सांगण्यासारखे काही नसेल तर दुय्यम बाजूच्या उपकरणाला काही भेटी चुकवण्याची मुभाही असते. पण भेटीची वेळ पाळायची तर घड्याळे जुळायला हवीत. दहा लाखांत वीस भाग चूक असलेला क्रिस्टल तासाला ७२ मिलिसेकंद इकडेतिकडे सरकतो आणि दोघे विरुद्ध दिशांनी सरकले तर फरक दुप्पट होतो. भेटी लांबवल्या तर प्रत्येक भेटीला आधीपासून कान उघडून बसावे लागते.

दुसरे धोरण थोडक्यात असे: झोपणाऱ्याने अधूनमधून क्षणभर कान उघडावा आणि बोलणाऱ्याने तो कान नक्की उघडेल इतकी लांब हाक मारावी. बर्कलीच्या संशोधकांनी २००४ साली बी-मॅक या पद्धतीत हे सुबकपणे मांडले. भार ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे जातो. बोलणे क्वचितच असेल तर सौदा चांगला, सतत असेल तर वाईट.

तिसरे धोरण लोरावर उभ्या असलेल्या ‘लोरावॅन’ या जाळ्याच्या ‘अ’ वर्गातले. उपकरण स्वतः बोलल्यानंतरच दोनदा थोडा वेळ ऐकते, एरवी त्याला कोणीही हाक मारू शकत नाही. ऊर्जा भरपूर वाचते, पण ‘आत्ता बंद हो’ असे त्याला सांगायचे असेल तर ते पुढचे बोलेपर्यंत वाट पाहावी लागते. शिवाय केंद्राची पेटी पोच देत असताना तिला बाकीच्यांचे ऐकू येत नाही. प्रत्येकाला पोच द्यायची ठरवली तर केंद्र सदैव बोलतच राहील. ‘द थिंग्ज नेटवर्क’ या सार्वजनिक जाळ्याने म्हणूनच एका उपकरणाला दिवसाला ३० सेकंद बोलणे आणि केंद्राकडून फक्त १० संदेश अशी वापराची मर्यादा घातली आहे. दुतर्फा संवाद आहे, पण एक तर्फ अतिशय अरुंद.

अगदी कमी ऊर्जेवर केवळ ‘जागे हो’ एवढेच ऐकणारा वेगळा रेडिओ जोडावा, हा चौथा विचारही पुढे आला आहे. वायफायसाठी त्याचे मानक २०२१ साली निघाले, पण रोजच्या बाजारातल्या मॉड्यूल्समध्ये तो अजून रुळलेला नाही.

विहीर-टाकीच्या जोडीत यातून एक साधी गोष्ट निघते. विहिरीवर वीज आहे, टाकीवर बॅटरी. तेव्हा कायम ऐकत बसण्याचे काम विहिरीकडे आणि संवाद सुरू करण्याचा हक्क टाकीकडे असावा. मात्र आपल्याकडे शेतीची वीज पाळीने येते आणि मधेच जाते. वीज गेली की विहिरीवरची पेटीही मुकी होते. टाकीला मोटर थांबल्याचे कळत नाही, फक्त उत्तर येईनासे होते. विहिरीवरच्या पेटीला छोटी बॅटरी जोडली तर ती ‘वीज गेली’ एवढे तरी सांगू शकते. खर्च थोडा आणि शांततेचे एक मोठे कारण कमी होते. हे मला नव्या चिपपेक्षा महत्त्वाचे वाटते.

पट्टा, अंतर आणि ऊस

कोणत्या लहरींवर बोलावे हा वाद पुष्कळदा नुसत्या ‘रेंज किती’वर येऊन थांबतो, आणि पाकिटावर छापलेली रेंज मोकळ्या मैदानातली असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जगभर खुला आहे. भारतात तो २००५ साली परवानामुक्त झाला. छोटी अँटेना आणि जास्त वेग हे त्याचे गुण, वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी हा त्याचा दोष. ब्लूटूथने मूळ आवृत्तीत ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारून या गर्दीवर उत्तर काढले. कमी ऊर्जेच्या आवृत्तीत ४० चॅनेल आहेत. साध्या चिपवर एकाच चॅनेलला चिकटून राहिलेली जोडी मात्र शेजारच्या घरात नवा राउटर आला की अडखळू लागते.

दुसरा पर्याय ८६५ मेगाहर्ट्झचा. हा पट्टाही भारतात २००५ सालापासून ठरलेल्या शक्तीपर्यंत परवानामुक्त आहे आणि लोरावॅनचे भारतासाठीचे चॅनेल त्यातच आहेत. तितक्याच अंतरावर मोकळ्या हवेत २.४ गिगाहर्ट्झपेक्षा सुमारे ९ डेसिबल कमी घट होते. पाऊस या दोन्ही लहरींना फारसा अडवत नाही. पावसाळ्यात जोडी तुटते ती बहुधा ओल्या पानांमुळे आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यामुळे. आणखी एक बाब शेतात हमखास विसरली जाते. समोर नजरेची रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्याभोवतीची जागाही मोकळी लागते. ८६५ मेगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या टप्प्यात मध्यावर ही जागा रेषेच्या चहूबाजूंनी साधारण ९ मीटर पसरते आणि तिचा साठ टक्के भाग, म्हणजे साडेपाच मीटर, मोकळा असणे चांगले समजतात. लावणीच्या वेळी नीट चाललेली जोडी ऊस तीन मीटर झाल्यावर का बोलत नाही, याचे उत्तर इथे आहे. अँटेना उंच नेणे हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय.

लोराच्या बाजूने बोलणारे त्याची संवेदनशीलता दाखवतात, आणि ती खरी आहे: सर्वात सावकाश पातळीवर उणे १३७ डेसिबल-मिलिवॉटच्या आसपासचा संदेशही तो ऐकतो. विरोधक वेळ दाखवतात, आणि तीही खरी आहे. वीस बाइटचा मजकूर सर्वात वेगवान पातळीवर साठेक मिलिसेकंदांत जातो, सर्वात सावकाश पातळीवर एक सेकंदाहून जास्त घेतो. टाकीच्या पातळीसाठी हे चालते. ड्रोन वळवायला चालत नाही.

बाजारातली एक गोष्ट सावधगिरीने घ्यावी. अमेरिकेतल्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी बनवलेली मॉड्यूल्सही ऑनलाइन सहज मिळतात. भारतात ८९० ते ९१५ हा भाग मोबाइल हँडसेटकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांसाठी वापरात आहे. अशी जोडी चालते, म्हणून ती इथे वापरायला मोकळी आहे असे होत नाही.

ओळख पटवणे

आता जोडी जुळवण्याचा, म्हणजे पेअरिंगचा प्रश्न. हवेत सगळेच बोलतात, त्यांतला आपला कोण? १९९९ साली केंब्रिजच्या फ्रँक स्टाजानो आणि रॉस अँडरसन यांनी यावर मूलभूत निबंध लिहिला. अंड्यातून बाहेर आलेले बदकाचे पिल्लू प्रथम जे हलताना-बोलताना दिसेल त्यालाच आई मानते. उपकरणानेही पहिल्या स्पर्शाच्या वेळी मिळालेली गुप्त किल्ली देणाऱ्याला मालक मानावे आणि मालकाने सोडल्याशिवाय दुसऱ्या कोणाचे ऐकू नये, असा त्यांचा प्रस्ताव होता. किल्ली शक्यतो तारेने, प्रत्यक्ष स्पर्शाने द्यावी असे ते म्हणत. पंचवीस वर्षांनंतरही याहून स्वच्छ विचार मला सापडत नाही. अडचण अशी की पुष्कळ उपकरणांना ना पडदा असतो, ना बटणे, ना तार जोडायला जागा.

मग सोय आणि सुरक्षितता यांची ओढाताण सुरू होते. एचसी-०५ या लोकप्रिय ब्लूटूथ मॉड्यूलचा मूळ संकेतांक १२३४ असतो आणि अनेक जोड्या तो न बदलताच कामाला लागतात. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या पहिल्या आवृत्तीतली जोडणीची पद्धत हवेतून ऐकून फोडता येते, हे माइक रायन यांनी २०१३ साली दाखवले. २०१४च्या ४.२ आवृत्तीने पद्धत बदलली आणि नुसते चोरून ऐकणे निरुपयोगी केले. तरीही पडदा नसलेल्या उपकरणांसाठीची ‘आपोआप जुळू द्या’ ही वाट जोडणीच्या क्षणी मध्ये उभ्या राहिलेल्या तिसऱ्याला ओळखू शकत नाही. जुन्या ब्लूटूथमध्ये दोन उपकरणांना एकाच बाइटच्या दुबळ्या किल्लीवर राजी करता येते, हे २०१९ साली उघड झाले. २०१६ साली तर बिनतारी माऊसच्या रिसीव्हरला बाहेरून कीबोर्डची अक्षरे पाठवता येतात, असे बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकाने दाखवले. अनेक नामांकित माऊस आपले संदेश संकेतबद्ध करत नव्हते. माऊसच्या हालचालीत गुप्त काय, असा विचार त्यामागे असावा.

गाड्यांच्या किल्ल्यांचा इतिहास याहून बोलका आहे. प्रत्येक दाबाला बदलणारा संकेत वापरणारी कीलॉक पद्धत १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत तयार झाली, १९९५ साली मायक्रोचिपने ती घेतली. ऐकून ठेवलेला संकेत पुन्हा वाजवण्याचा धोका तिने टाळला. पण २००८ साली जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी विजेच्या वापराचे मोजमाप करून तिच्या मुख्य किल्ल्या काढून दाखवल्या. पुढे खिशातली किल्ली गाडीशी दुतर्फा बोलू लागली, आणि धोक्याने रूप बदलले. २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी आठ उत्पादकांच्या दहा गाड्या संकेताला हातही न लावता उघडल्या. त्यांनी गाडीचा आणि किल्लीचा संवाद फक्त दूरवर नेऊन पोहोचवला. संकेत निर्दोष होता. किल्ली जवळच आहे हे गृहीतक चुकीचे होते. उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजून अंतर ठरवावे, ही कल्पना स्टीफन ब्रँड्स आणि डेव्हिड चॉम यांनी १९९३ सालीच मांडली होती. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, म्हणून ती स्वस्तात उतरायला वेळ लागला. २०२४च्या ब्लूटूथ ६.० आवृत्तीत अंतर मोजण्याची सोय आली आहे.

ओळखीचा सर्वात अवघड वाद माणसाच्या शरीरातल्या उपकरणांचा. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी छातीत बसवायच्या एका डिफिब्रिलेटरला प्रयोगशाळेत रेडिओवरून आज्ञा देऊन दाखवल्या. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांच्या उपकरणाची बिनतारी सोय डॉक्टरांनी २००७ सालीच बंद केली होती, हे नंतर बाहेर आले. २०१७ साली अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांना सुरक्षिततेसाठी नवे फर्मवेअर देण्याची वेळ आली. इथे कडक पेअरिंगचा आग्रह धरणाऱ्यांना डॉक्टर विचारतात: रुग्ण परगावी बेशुद्ध पडला तर तिथल्या रुग्णालयाने किल्ली कुठून आणायची? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. काहींनी उपाय सुचवला की शरीराला यंत्र टेकवल्याशिवाय संवाद सुरूच होऊ नये. घरून दूरवरच्या डॉक्टरला माहिती पाठवण्याची सोय त्यात अडचणीत येते. दोन्ही बाजूंना जिवाचीच काळजी आहे.

भाषा कोणाची

हा भाग थोडक्यात. एका बाजूला मानके: २००३चे ८०२.१५.४, त्यावर उभे राहिलेले झिगबी आणि थ्रेड, २०२२चे मॅटर, आणि ब्लूटूथ. दुसऱ्या बाजूला प्रत्येकाने आपल्यापुरती ठरवलेली भाषा. मानकांचे समर्थक म्हणतात की पेटी बिघडली तर दुसऱ्या कंपनीची बसवता यावी आणि सुरक्षितता हजारो डोळ्यांनी तपासलेली असावी. स्वतःची भाषा लिहिणारे म्हणतात की दोनच पेट्यांना दहा बाइट बोलायचे असतील तर शेकडो पानांचे मानक आणि प्रमाणपत्राचा खर्च कशाला. दोघांचेही बरोबर आहे, आपापल्या जागी. मात्र स्वतःची भाषा लिहिताना संकेतीकरणही स्वतःच रचण्याचा मोह होतो, तो टाळावा. बहुतेक नव्या मायक्रोकंट्रोलरमध्ये एईएस हे प्रमाणित संकेतीकरण तयार असते. ईएसपी-नाऊमध्येही ते आहे, फक्त ते आपण चालू करावे लागते आणि सर्वांना एकदम पाठवलेल्या संदेशांना लागू होत नाही.

काय सुटलेले नाही

सर्वात मोठा न सुटलेला प्रश्न शांततेचाच आहे, कारण तिचे उत्तर तंत्रात नसून वापरात आहे. ब्लूटूथमध्ये १०० मिलिसेकंद ते ३२ सेकंद यांमधली एक मुदत ठरवावी लागते. तेवढ्यात काही ऐकू आले नाही तर संबंध तुटला असे धरतात. पण तुटल्यावर काय करायचे हे मानक सांगत नाही. ड्रोन घरी परततो किंवा उतरतो. साखर मोजणाऱ्या सेन्सरशी संपर्क तुटला की आपोआप मात्रा ठरवणारा इन्सुलिन पंप आधी ठरवून दिलेल्या मूळ मात्रेवर परत जातो. त्याने एकदम थांबणेही घातक आणि अंदाजाने वाढवणेही घातक. विहिरीवरच्या मोटरने काय करावे? थांबली तर पाळीची वीज वाया जाते आणि पीक तहानलेले राहते. चालू राहिली तर टाकी वाहते, किंवा विहीर आटली असेल तर मोटर कोरडी फिरून जळते. माझे मत थांबण्याच्या बाजूचे आहे, कारण पाणी उद्या देता येते. ज्याची रोपे आजच लावली आहेत असा शेतकरी वेगळे म्हणेल, आणि त्याला ते ठरवण्याची मुभा पेटीत असायला हवी.

दुसरा प्रश्न मालकी बदलण्याचा. जमीन विकली, भाड्याचे घर सोडले, गाडी दुसऱ्याला दिली, तर जोडी कशी सोडवायची? सोडवणे सोपे ठेवले तर चोराला सोपे जाते, अवघड ठेवले तर चांगली पेटी भंगारात जाते. तिसरा प्रश्न बॅटरी बदलल्यानंतरचा. जुना संदेश पुन्हा वाजवण्यापासून बचाव संदेशांच्या मोजणीवर अवलंबून असतो. ती मोजणी कायमच्या स्मृतीत ठेवली नसेल तर सेल काढताच ती शून्यावर येते, आणि मग एक तर जोडी तुटते किंवा जुने संदेश पुन्हा चालू लागतात. चौथा प्रश्न आयुष्याचा. दहा वर्षे भिंतीवर राहणाऱ्या पेटीतला दोष तिसऱ्या वर्षी उघड झाला तर तो कोण दुरुस्त करणार? हवेतून नवे फर्मवेअर देण्याची सोय ठेवावी असे एक मत आहे. तीच सोय हल्लेखोराचे दार होते असे दुसरे, आणि २०१६ साली बिनतारी दिव्यांवर झालेल्या संशोधनाने ती भीती खरी करून दाखवली: दोषी फर्मवेअर एका दिव्यावरून शेजारच्या दिव्यावर पसरू शकत होते.

यांतल्या शेवटच्या तिन्ही प्रश्नांवर काम चालू आहे आणि थोडीफार वाट दिसते. पहिल्यावर मात्र वाट फक्त बनवणाऱ्याने आणि वापरणाऱ्याने मिळूनच काढायची आहे. म्हणून अशी जोडी बनवणाऱ्या प्रत्येकाला विनंती: रेंजच्या आकड्याशेजारी पाकिटावर आणखी एक ओळ छापा, संपर्क किती वेळ तुटला की ही पेटी काय करते. आणि विकत घेणाऱ्याने ती ओळ नसेल तर दुकानदाराला विचारावे. त्याला सांगता आले नाही तर दुसरी पेटी पाहावी.